विश्लेषण : जागतिक बँक चाकूरच्या शेतकऱ्याशी कोणत्या भाषेत बोलते?

कर्ज जागतिक बँकेचे, योजना राज्य सरकारची आणि अर्ज शेतकऱ्याचा, अशी नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाची रचना आहे. लातूर जिल्ह्यात हा प्रकल्प २०१८ पासून सुरू आहे. ठिबक, तुषार, शेडनेट, शेततळे, फळबाग यांसाठी त्यातून अनुदान मिळते, हे चाकूर, नळेगाव, चापोली, वडवळ नागनाथ या भागात शेती करणाऱ्यांना सांगावे लागत नाही. पण या पैशाचा मोठा वाटा वॉशिंग्टनहून येणाऱ्या कर्जाचा आहे, आणि म्हणून प्रकल्पामुळे कोणाचे नुकसान झाले तर वॉशिंग्टनलाही जाब विचारता येतो, हे गावात कोणी फारसे सांगत नाही. असे का होते, याचे उत्तर निव्वळ भाषांतराच्या अभावात सापडत नाही.

‘पोखरा’ हे नाव आले कुठून?

प्रकल्पाचे इंग्रजी नाव ‘प्रोजेक्ट ऑन क्लायमेट रेझिलियंट ॲग्रिकल्चर’. त्याच्या आद्याक्षरांचे झाले ‘पोकरा’. सरकारी कागदावरील मराठी नाव लांबलचक असल्याने ते फलकावरच राहिले. इंग्रजी आद्याक्षरे मात्र गावात पोहोचली आणि मराठी जिभेवर रुळून त्यांचे ‘पोखरा’ झाले. आता बातम्यांतही ‘पोखरा योजना’ असेच छापून येते. मराठीत पोखरणे म्हणजे आतून पोकळ करणे, हा योग काही फारसा शुभ नाही. पण नाव लोकांनी आपलेसे केले, हे खरे.

या नावात जागतिक बँक कुठेच नाही. बँकेने २०१८ मध्ये या प्रकल्पासाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. एकूण खर्च सुमारे चार हजार कोटी रुपये. त्यातील ७० टक्के बँकेचे, ३० टक्के राज्याचे. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात आले. पार्श्वभूमी होती लागोपाठच्या दुष्काळांची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. आता दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्ह्यांतील ७,२०१ गावे असून खर्चाचा आकडा सहा हजार कोटींच्या घरात आहे. यातही मुख्य आधार बँकेच्या कर्जाचाच. हे कर्ज अर्थातच फेडायचे आहे, आणि ते फेडणाऱ्यांत अनुदान न मिळालेला शेतकरीही आहे. त्यामुळे हा पैसा कुठून आला, हा प्रश्न कोणा एका लाभार्थ्यापुरता नाही.

बँक थेट शेतकऱ्याशी का बोलत नाही?

कारण कायद्याने तिचा ग्राहक शेतकरी नाही. कर्जाचा करार होतो तो भारत सरकारशी. केंद्राच्या वतीने अर्थ मंत्रालयाचा आर्थिक व्यवहार विभाग त्यावर सही करतो. त्याला जोडून राज्य सरकारशी प्रकल्पाचा वेगळा करार होतो. पुढचा प्रवास सरकारी उतरंडीचा : मुंबईतील प्रकल्प कक्ष, लातूरचे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, उपविभाग, तालुका कृषी अधिकारी आणि शेवटी गावात येणारा समूह सहायक. वॉशिंग्टनमध्ये इंग्रजीत लिहिलेले वाक्य चाकूरच्या शिवारात पोहोचेपर्यंत पाच-सहा हातांतून जाते. प्रत्येक हात त्यातले आपल्या कामाचे तेवढे पुढे सरकवतो. अर्जाची मुदत, लागणारी कागदपत्रे, सातबारा, आठ-अ, आधार जोडलेले खाते हे सारे बिनचूक पोहोचते. प्रकल्पाचे पर्यावरणीय व सामाजिक परिणाम काय असू शकतात, याविषयी बँकेने तयार करून घेतलेला अहवाल मात्र वाटेतच राहतो.

बँकेच्या कारभारातही सामान्य माणसाचा आवाज फार दुरून येतो. बँकेच्या मंडळावर २५ कार्यकारी संचालक असतात. भारताचा संचालक एकटा भारताचा नसतो. बांगलादेश, भूतान आणि श्रीलंकाही त्याच खुर्चीत बसतात. मतांचे वजन भांडवली वाट्यावर ठरते. त्यात अमेरिकेचा वाटा सुमारे १६ टक्के, तर भारताचा तीनच्या आसपास. चाकूरचा मतदार ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत प्रतिनिधी निवडतो आणि पाच वर्षांनी त्याला बदलूही शकतो. (लोकसभेचे कामकाज दूरचित्रवाणीवरून घरोघरी दिसू लागले, तेव्हा अध्यक्षपदावर होते ते चाकूरचेच शिवराज पाटील चाकूरकर.) बँकेच्या मंडळाशी त्याचा असा कोणताच धागा नाही. मग उरते ती माहिती मिळण्याची आणि तक्रार करण्याची वाट.

‘पोकरा’मध्ये गावाला विचारलेच जात नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ग्राम कृषी संजीवनी समिती स्थापन करणे, गावफेरी काढून सूक्ष्म नियोजनाचा आराखडा करणे, तो ग्रामसभेपुढे ठेवणे, गावातल्याच एका महिलेला कृषीताई म्हणून नेमणे, हे सारे प्रकल्पाच्या रचनेतच आहे. अनुदानाची प्रक्रियाही संकेतस्थळावर मराठीत आहे. पण शेतकरी आधी स्वतःच्या खिशातून खर्च करतो, मग स्थळपाहणी होते आणि नंतर पैसे खात्यात येतात. पाहणी आणि पैसे यांच्या मधल्या काळात ‘माझे प्रकरण कुठे अडले’ हाच त्याचा एकमेव प्रश्न असतो, आणि त्यावर पडद्यावरचे ‘प्रलंबित’ हे उत्तर पुरत नाही. अशा वेळी त्याला बोलायला माणूस लागतो. तो कसा असू शकतो, हे याच जिल्ह्याने तीस वर्षांपूर्वी पाहिले आहे.

किल्लारीनंतर काय वेगळे झाले होते?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार अंगावर कोसळल्याने हा आकडा इतका वाढला. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेने सुमारे २५ कोटी डॉलर दिले. मराठवाड्यातील सामान्य माणसाचा या बँकेशी इतका जवळून संबंध बहुधा तेव्हाच पहिल्यांदा आला.

पुनर्वसनाचे दोन भाग होते आणि दोन्हींत लोकांशी बोलण्याची रीत वेगळी होती. पहिला भाग पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांचा. ही गावे नव्या जागी वसवली. घराचा आकार जमिनीच्या मालकीवरून ठरला : भूमिहीन व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. ग्रामसभा झाल्या, नकाशे दाखवले गेले, सह्या-अंगठे झाले. तरीही गावे उभी राहिली ती शहरी वसाहतीसारखी, सरळ रेषेत आखलेली आणि ऐसपैस पसरलेली. वाड्याचा चौक, गोठा, शेजारच्या भिंतीला लागून असलेली भावकी हे नकाशात नव्हते. लोकांनी नकाशाला होकार दिला होता हे खरे. पण कागदावरच्या रेघांवरून उद्याचे गाव डोळ्यांपुढे आणणे आर्किटेक्टला जमते, नुकतीच घरची माणसे गमावलेल्या शेतकऱ्याला कसे जमावे? सल्लामसलत झाल्याची नोंद आणि सल्लामसलत यांत फरक असतो, तो इथे दिसला.

दुसरा भाग कमी बोलला गेलेला, पण या विषयासाठी जास्त महत्त्वाचा. ज्यांची घरे पडली नव्हती, पण तडकली होती, अशा सुमारे दोन लाख कुटुंबांना घर दुरुस्त करून मजबूत करण्यासाठी पैसे द्यायचे होते. इथे ठेकेदार नव्हता. हप्त्याहप्त्याने पैसे कुटुंबाच्या बँक खात्यात जायचे आणि काम त्यांनीच करून घ्यायचे. सुरुवातीला काम रखडले. भूकंपरोधक बांधकाम म्हणजे काय, भिंतीत आडवा पट्टा कशासाठी, कोपऱ्यात लोखंड का घालायचे, हे कोणाला समजत नव्हते आणि अभियंत्यांना समजावून सांगायला वेळ नव्हता. मग ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे लोकसहभागाचे काम देण्यात आले. तिने हजाराहून अधिक गावांत ‘संवाद सहायक’ तयार केल्या. त्या गावातल्याच बायका होत्या. बहुतेक महिला मंडळातल्या. त्यांनी बांधकामाची तांत्रिक माहिती घरोघरी नेली, अभियंत्याने हप्ता का अडवला ते विचारून आणले आणि गावाचे म्हणणे तालुक्याच्या बैठकीत मांडले.

हा निरोप दोन्ही दिशांनी गेला, आणि त्याने कार्यक्रमही बदलला. मूळ कल्पना जुने घर मजबूत करण्याची होती. लोकांचा मात्र जुन्या दगडी भिंतींवरचा विश्वासच उडाला होता. त्यांनी पैसे घातले ते जुन्या घराला लागून नवी, हलक्या छताची भूकंपरोधक खोली बांधण्यात. नियमाचे पुस्तक धरून बसले असते तर हा सगळा खर्च नामंजूर झाला असता. तो मान्य झाला, कारण लोक असे का करत आहेत ते वर पोहोचवणारी माणसे होती. अभ्यासू अहवालांत ‘सहभाग’ हा शब्द शेकड्यांनी सापडतो. लातूर जिल्ह्यात त्याचा अर्थ कोणाच्या म्हणण्यावरून काय बदलले, एवढाच होता.

उलट दिशेची वाट आहे का?

आहे, आणि ती खुली होण्यात महाराष्ट्राचा हात आहे. सरदार सरोवर धरणासाठी बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील अक्कलकुवा, अक्राणी तालुक्यांतील आदिवासी गावे बुडणार होती. आपले गाव बुडणार, हे कित्येकांना सरकारी कागदावरून नव्हे, तर कार्यकर्त्यांकडून कळले. तिथे तर मराठीही परकीच. बोली पावरी आणि भिलोरी. आंदोलनाच्या रेट्याने बँकेला ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. १९९२ च्या तिच्या अहवालाने बँकेवरच ठपका ठेवला. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले. त्यानंतर २२ सप्टेंबर १९९३ रोजी बँकेने ‘इन्स्पेक्शन पॅनेल’ स्थापन केले. प्रकल्पामुळे नुकसान झालेल्या कोणत्याही दोन किंवा अधिक माणसांना आपल्या सरकारला वळसा घालून थेट बँकेविरुद्ध दाद मागता येईल, अशी ही पहिली व्यवस्था. तिच्या स्थापनेनंतर आठच दिवसांनी किल्लारीचा भूकंप झाला.

या वाटेने मुंबईकर गेले. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यासाठी हटवल्या जाणाऱ्या कुर्ला परिसरातील दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४ मध्ये पॅनेलकडे तक्रारी केल्या. आम्हाला माहिती दिली नाही, विचारले नाही, दिलेली पर्यायी जागा धंद्याच्या कामाची नाही, असे त्यांचे म्हणणे. चौकशीनंतर मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या भागांसाठीचा पैसा थांबवला. राज्य सरकारने सुधारणा मान्य केल्यावर जूनअखेर तो पुन्हा सुरू झाला. सरकारी कचेरीत वर्षानुवर्षे न हललेली फाइल पैसा थांबताच काही महिन्यांत हलली. संवाद साधण्याची हीही एक भाषा आहे.

गुजरातच्या मुंद्रा येथील मच्छीमारांना मात्र ही वाट अर्ध्यावरच संपलेली आढळली. जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने कर्ज दिलेल्या वीज प्रकल्पाविरुद्ध त्यांनी महामंडळाच्या लोकपालाकडे दाद मागितली. लोकपालाला दोष आढळले, पण महामंडळाने ठोस काही केले नाही. ते अमेरिकेच्या न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, अशा संस्थांना खटल्यांपासून संपूर्ण संरक्षण नाही, असा निकाल दिला. तत्त्व जिंकले, पुढे खालच्या न्यायालयांत त्यांचा खटला मात्र टिकला नाही.

इतर संस्थांचे काय?

निरोप लोकांनी काहीतरी करावे यासाठी असेल, तर तो मराठीत आणि उत्तम पोहोचतो. पोलिओचे उदाहरण पुरेसे आहे. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि सरकार यांनी मिळून ‘दोन थेंब’ प्रत्येक वाडी-तांड्यावर नेले. घराच्या भिंतीवर खडूने खूण केली, राहिलेल्या घरी पुन्हा माणूस पाठवला. मार्च २०१४ मध्ये भारतासह संपूर्ण आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

जिथे लोकांना काही विचारायचे असते, तिथे मात्र मराठी संपते. जागतिक व्यापार संघटनेतील साखरेचा वाद घ्या. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवर डिसेंबर २०२१ मध्ये तंटा समितीने भारताविरुद्ध निष्कर्ष काढला. उसाला दिलेली रास्त व किफायतशीर किंमत, म्हणजे ‘एफआरपी’, ही दहा टक्क्यांच्या मर्यादेबाहेरची मदत आहे, असे २०१४-१५ ते २०१८-१९ या हंगामांविषयी म्हटले गेले. भारताने अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळच डिसेंबर २०१९ पासून बंद असल्याने निकाल लोंबकळत आहे. मांजराकाठच्या ऊस उत्पादकाला एफआरपीचा आकडा तोंडपाठ असतो. तोच आकडा जिनिव्हात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, हा कागद मात्र संघटनेच्या तीन भाषांतच मिळतो : इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश.

संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा. भारत सरकारच्या पैशातून २०१८ पासून तेथील बातम्या हिंदीतही येतात. २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेली मराठी या रांगेत नाही.

सगळ्यांच्या भाषेत बोलले तर प्रश्न सुटतो?

युरोपीय संघाने तो प्रयोग केला आहे. १९५८ च्या पहिल्याच नियमावलीपासून, नागरिक ज्या अधिकृत भाषेत लिहील त्याच भाषेत त्याला उत्तर मिळेल, असे तिथे बंधन आहे. आज अशा भाषा २४ आहेत. त्यात सुमारे पाच लाख लोकांची माल्टीजही आली. म्हणजे लातूर शहराएवढ्या लोकांच्या भाषेला ब्रुसेल्समध्ये उत्तर मिळण्याचा हक्क आहे. तरीही २००५ मध्ये फ्रान्समध्ये युरोपीय राज्यघटनेचा मसुदा मतदारांच्या घरी फ्रेंचमध्ये पाठवूनही सुमारे ५५ टक्के लोकांनी तिला नकार दिला. भाषा कळली म्हणजे पटले असे होत नाही. पण तिथे नकार देण्याची सोय होती, हे विसरता येत नाही.

चाकूरच्या शेतकऱ्याला यातले काय उपयोगी?

अनुदान रखडणे ही इन्स्पेक्शन पॅनेलकडे नेण्याची बाब नव्हे. त्यासाठी आधी तालुका कृषी अधिकारी, मग प्रकल्पाची तक्रार यंत्रणा आणि तिथेही उत्तर न मिळाल्यास माहितीचा अधिकार. बँकेला हा कायदा लागू नाही. पण तिच्या पैशाची फाइल कृषी विभागाकडे असते आणि त्या विभागाला तो लागू आहे, तोही मराठीत. बँकेचे स्वतःचे माहिती धोरण २०१० पासून आहे. प्रकल्पाचा मूळ दस्तऐवज, पर्यावरण व सामाजिक अहवाल, प्रगतीच्या नोंदी तिच्या संकेतस्थळावर मिळतात, प्रामुख्याने इंग्रजीत. भ्रष्टाचाराच्या तक्रारी घेणारा बँकेचा विभाग वेगळा आहे.

शेततळ्याने किंवा बंधाऱ्याने शेजाऱ्याचे पाणी तोडले, ज्यांना विचारायला हवे होते त्यांना विचारलेच नाही, असे नुकसान असेल तर बँकेची तक्रार निवारण सेवा आणि त्यापुढे पॅनेल आहे. या सेवेची माहिती प्रकल्पाच्या मुख्य दस्तऐवजात एक ठरीव परिच्छेद म्हणून छापलेली असते. तो परिच्छेद भाषांतरित करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला फार तर एका रंगाऱ्याची दिवसाची मजुरी पडेल. बँकेची नवी पर्यावरण व सामाजिक चौकट १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली. लोकांना समजेल अशा भाषेत व स्वरूपात माहिती द्यावी, असे ती नव्या गुंतवणूक प्रकल्पांसाठी सांगते. ‘पोकरा’चा पहिला टप्पा त्याच्या काही महिने आधी मंजूर झाला होता.

पॅनेलकडे जाण्यापूर्वी तोच विषय बँकेकडे मांडलेला असावा लागतो. अर्जावर किमान दोघे हवेत. नावे गुप्त ठेवण्याची मागणी करता येते. पॅनेलचे कामकाज इंग्रजीत चालते, पण भाषांतर करून घेणे शक्य नसेल तर बाधितांना स्वतःच्या भाषेत, म्हणजे मराठीतही, अर्ज करता येतो. तसे केल्यास भाषांतराला लागणारा वेळ वाढतो. मुदतीचा नियम २०२० मध्ये बदलला असून आता कर्ज बंद झाल्यानंतर १५ महिन्यांपर्यंत तक्रार स्वीकारली जाते.